जैतुनबींचा तोल

"डोळे मिटा चाची. एका पायापुढे दुसरा पाय, अंगठ्याला टाच लावून. हात कमरेवर. मी मोजते."

जैतुनबींनी डोळे मिटले. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजू लागले. पाच म्हणेपर्यंत त्या उजवीकडे कलल्या, सहाला पाय सुटला आणि मी त्यांना दंडाला धरून सावरलं.

"पडले का?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"पडलात."

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या. दर वेळी त्याच अंगाला पडता."

"मग बरं हाय," असं म्हणून त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि कपाळावरचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधू लागल्या.

पडण्यात बरं काय असतं हे मला कळलं नाही, आणि विचारायचं सुचलंही नाही. सव्वीस वर्षांची होते. नाशिकहून मिरजेला एका धर्मादाय दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून येऊन चारच महिने झाले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती. मिरज हे गाव मोठं गमतीचं. अर्ध्या गावात माणसं दुरुस्त होतात आणि उरलेल्या अर्ध्यात सतारी नि तानपुरे. मला त्यातलं पहिलं अर्धंच ठाऊक होतं.

ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. जैतुनबी तेव्हा पन्नाशीच्या होत्या. अंगाने काटकुळ्या, पदर डोक्यावरून, आणि पदराखाली कायम ते फडकं. डोकं नऊ-दहा वर्षं दुखत होतं. रोज. मेंदूच्या डॉक्टरांकडून फोटो काढून झाले होते, डोळ्यांचा नंबर झाला होता, दोन पीर आणि एक वैद्य झाले होते. शेवटी 'ताणाची डोकेदुखी' असं चिठ्ठीवर लिहून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

"कसं दुखतं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तार चढवत नेल्यावानी. तुटत बी न्हाई आन् उतरत बी न्हाई."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याच सुमारास मी एक लेख वाचला होता. अशी जुनी डोकेदुखी असलेल्यांची मान पुढे येते, खांदे गळतात आणि उभं राहिल्यावर तोलही नीट सांभाळता येत नाही, असं त्यात होतं. जैतुनबी म्हणजे त्या लेखाला हातपाय फुटले होते. मान पुढे चार बोटं, डोकं उजवीकडे कललेलं, उजवा खांदा खाली. आमच्या विभागात मोजमापाची यंत्रं नव्हती, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणला होता. दोरा छताच्या हुकाला बांधायचा, खाली लोंबकळता पितळी गोळा, आणि शेजारी पेशंटला उभं करायचं. कानाची पाळी, खांदा, कंबर, घोटा हे सगळं दोऱ्याच्या रेषेत यायला हवं. जैतुनबींचा घोटा तेवढा दोऱ्याला लागायचा. बाकी सगळी बाई दोऱ्याच्या उजव्या हाताला.

ही केस बरी करून कोल्हापूरच्या परिषदेत मांडायची असं मी ठरवून टाकलं होतं. शीर्षकसुद्धा तयार होतं.

पण सहा आठवडे झाले तरी ढिम्म काही हलेना. व्यायाम करता का, तर करते. हनुवटी आत घेता का, तर घेते. भिंतीला पाठ लावून उभ्या राहता का, तर राहते. बाई खोटं बोलणारी वाटत नव्हती. गरम पाण्याच्या पिशवीने तासभर बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा कपाळावर.

"दिवसभर करता काय?" मी वैतागून विचारायची.

"घरचंच की. भाकरी, भांडी. मालकांना जरा हातभार."

"मालक काय करतात?"

"तानपुऱ्याच्या जवारीचं काम."

"आणि तुम्ही?"

"तार छेडते. त्यांचे हात गुतलेले असतात न्हवं."

तार छेडण्याने कुणाची मान वाकडी होत नाही, असं म्हणून मी तो विषय तिथेच सोडून दिला. त्या चुकीला आज सव्वीस वर्षं होत आली. आता माझंही डोकं अधूनमधून दुखतं, आणि दुखलं की तो प्रश्न मी किती उडत विचारला होता तेच आठवतं.

सातव्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. मला राहवेना. गुरुवारी दुपारी ओपीडी आटोपल्यावर पिशवीत ओळंबा टाकला आणि पत्ता विचारत त्यांच्या गल्लीत पोचले.

पुढे दुकान, मागे घर. दारात भोपळे वाळत टाकलेले, आत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. उंबऱ्याबाहेरच्या बाकड्यावर एक गोऱ्या, ठेंगण्या बाई रेशमी साडीत बसून होत्या. त्यांच्याकडे बघून मी आत डोकावले आणि माझा जीव भांड्यात पडला. सापडलं!

जमिनीवर चटई, चटईवर आडवा तानपुरा. त्याच्या घोडीसमोर जैतुनबींचे मालक दस्तगीरचाचा मांडी घालून बसलेले, हातात कानस. घोडी म्हणजे ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात ती. ती केसाएवढी घासत घासत तारेचा आवाज खुलवायचा, याला जवारी काढणं म्हणतात. एक हात जास्त पडला तर आवाज बसतो आणि सगळी पट्टी पहिल्यापासून करावी लागते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला दिसल्या त्या चाचांच्या डाव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या जैतुनबी. पाठीची कमान झालेली, मान तानपुऱ्यावर झुकलेली, डोकं उजवीकडे कललेलं. डावा हात तेवढा तारेवर. चाचांचे डोळे मिटलेले.

माझी सावली पडली तशा जैतुनबी दचकून उठल्या आणि दाराशी आल्या.

"मॅडम, तुम्ही? आज नको. आज जावा." आवाज एकदम खाली. "हेमलताबाईंचा तानपुरा हाय. उद्या संध्याकाळी उरुसात गाणं हाय त्यांचं. ह्यो बिघडला तर सगळं गेलं बघा. त्यांच्या मागं सगळे गाणारे हितं येतात."

"मी कशाला बिघडवते तानपुरा? मला फक्त तुमची बसायची पद्धत सुधारायची आहे. चाची, तुमच्या डोकेदुखीचं मूळ हेच आहे! किती तास बसता असं?"

"बसतो की. सहा-सात."

"सहा-सात तास!" मी जवळजवळ ओरडलेच. "आणि मला सांगत होतात, भाकरी-भांडी!"

बाहेरच्या हेमलताबाईंनी हे ऐकलं. पुण्याच्या नामांकित गायिका होत्या, शब्दाला वजन होतं. त्या उठून आत आल्या. "डॉक्टर आहात का तुम्ही? बरं झालं आलात. किती वर्षं बघतेय मी हिला, डोक्याला फडकं बांधूनच चहा आणते. अगं जैतुन, डॉक्टर घरी चालून आलीय, तर ऐक की तिचं."

"नंतर ऐकते बाई."

"नंतर कधी? तार छेडायला काय, उभं राहूनही छेडता येईल."

दस्तगीरचाचांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकासमोर बायकोच्या तब्येतीला नाही म्हणायचं तरी कसं?

मी तर पदरच खोचला. भोपळे कापायचं बाकडं दाराजवळ उजेडात ओढलं. त्यावर तानपुरा ठेवायला लावला. चाचांना या बाजूला स्टूल, जैतुनबींना पलीकडे, समोरासमोर. त्यांच्या कमरेमागे टॉवेलची गुंडाळी दिली. वरच्या वाशाला ओळंबा टांगला आणि कान, खांदा, कंबर दोऱ्याला लावून त्यांना ताठ बसवलं. हेमलताबाई कौतुकाने शेजारीच खुर्ची घेऊन बसल्या.

"आता छेडा," मी म्हटलं. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

जैतुनबींनी तार छेडली. चाचांनी घोडी काढली, कानस दोनदा फिरवली, घोडी बसवली, तार चढवली. पुन्हा छेडली. चाचा जैतुनबींकडे बघत होते. जैतुनबी ताठ बसून हेमलताबाईंकडे बघत होत्या.

"अजून बंद आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

पुन्हा कानस. पुन्हा तार.

"हं. थोडी उघडली. पण थोडीच."

चाचांनी आणखी तीन हात मारले. या वेळी जैतुनबींचा हात पटकन पुढे आला आणि मध्येच थांबला. तार छेडली तर मलासुद्धा कळलं. पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज. हेमलताबाईंचा चेहरा पडला.

"दस्तगीरभाई, हे काय? गेली की!"

"माफी असावी बाई. पट्टी पुन्हा करतो."

"तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं." त्या थांबल्या, मग हळूच म्हणाल्या, "वयाचं काही असेल तर तसं सांगा. मला उद्या बसायचंय. पलीकडच्या गल्लीतून दुसरा मागवते, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

पलीकडच्या गल्लीतून. एवढे दोन शब्द संध्याकाळच्या आत साऱ्या बाजारात होणार होते. चाचांच्या कपाळावर घाम आला. दोघं नवरा-बायको एकमेकांकडे न बघता बसून होते.

मी माझ्या ओळंब्याकडे बघितलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून बघितलं, खरं तर. जैतुनबी दोऱ्यापासून सुटल्या होत्या. इंच, दोन इंच, उजवीकडे. जिकडे कुणीच नव्हतं तिकडे. आणि बाकड्याखाली चाचांचा डावा गुडघा बाहेर आला होता. शेजारच्या मोकळ्या जागेत तो सारखा काहीतरी चाचपडत होता.

मग लक्षात आलं. मघाशी आत डोकावले तेव्हा चाचांचे डोळे मिटलेले होते. आता उघडे होते, आणि त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. माणसांचं बोलणं येत होतं. तारेतलं ते बारीक येत नव्हतं. ते ऐकणारी बाई मी उचलून बाकड्याच्या पलीकडे नेऊन बसवली होती.

मी उठले. आयुष्यात इतकं सफाईने खोटं मी आधी बोलले नव्हते, नंतरही नाही.

"चाची, थांबा. असं बसून मान आणखीच आखडतेय तुमची. माझंच चुकलं. एकदम नाही बदलायचं हे. खाली बसा, आधी बसला होतात तशाच. तुमचा तोल नेमका कुठे जातो ते मला नीट बघून घेऊ दे."

जैतुनबींनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि हेमलताबाई," मी म्हटलं, "आपण बाहेर बसू या का? पेशंटवर चार नजरा असल्या की अंग ताठतं. अर्धा दोष माझाच. मीच त्यांना मध्येमध्ये हलवत होते, चाचांचं ध्यान कुठून लागणार?"

"ते मात्र खरं," त्या म्हणाल्या. नाराजच होत्या, पण उठल्या. "एकदा बघते. नाहीतर मागवतेच."

मी दोरा सोडला, गोळा पिशवीत टाकला. चटई पुन्हा अंथरली गेली. चाचांनी पट्टीचा माथा सपाट केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी उंबऱ्यावर बसले, बाईंना आतलं दिसू नये अशी आडवी. डाव्या बाजूला जैतुनबी, गुडघ्याला गुडघा. चाचांनी डोळे मिटले. तार वाजायची, जैतुनबींचा गुडघा एकदा दाबायचा, कानस फिरायची. पुन्हा तार, पुन्हा एकदा. मधूनच दोनदा दाबायचा आणि चाचांचा हात जागच्या जागी थांबायचा. माझ्या डोळ्यांसमोर पाठीची कमान होत होती, मान उतरत होती, डोकं कलत होतं. सगळं मी सात आठवडे दुरुस्त करायला बघत होते तेच.

दोन तास गेले. हेमलताबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली आणि त्यानंतर थोड्या वेळाने चारही तारा एकापाठोपाठ वाजल्या. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तो आवाज संपेचना. तार थांबली तरी खोलीत तो राहिलाच.

हेमलताबाई आत गेल्या, चटईवर बसल्या, तानपुरा मांडीवर घेतला. डोळे भरून आले त्यांचे. चाचांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय हात आहेत हो तुमचे!"

"हात तेवढे माझे," चाचा म्हणाले आणि कानस पुसू लागले.

जैतुनबी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या.

"कधीपासून चाची?"

"अकरा वर्षं. डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज गेला तो आता यायचा न्हाई. पोरगी लग्नाची होती."

"आणि तुम्हाला कसं कळतं हे सगळं?"

"तार छेडायला बसून वीस वर्षं झालती की तवा. कळतंय."

"मग उघड सांगून का करत नाही? तुमच्या नावाने?"

त्या हसल्या. "बाईच्या कानावर कोण तानपुरा सोडतंय, मॅडम? आन् ह्यांचं काय? गल्लीत मान खाली घालून चालायचं त्यांनी?"

"अहो, पण तुमचं डोकं!"

"दुखू दे. एकाचं डोकं दुखून दोघांचं पोट भरतंय." फडकं सारखं करत त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही मला सरळ करू नका. जरा कमी दुखंल असं काय असलं तर बघा. आन् कुणाला बोलू नका."

मी बोलले नाही. केसपेपरवर कारणाच्या रकान्यात 'घरकाम' असं लिहिलं. कोल्हापूरला गेले नाही. तासाला एकदा उठून खांदे फिरवायचे, उशी पातळ घ्यायची, असलं काहीबाही सांगत राहिले. त्या महिन्या-दोन महिन्यांनी येत, शेकून घेत आणि जात. डोकं दुखायचं थांबलं नाही. तीन वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली आणि येणंजाणं तुटलं.

गेल्या वर्षी, निवृत्तीला सहा-सात वर्षं उरलेली असताना, बदलीवर परत येऊन मी पुन्हा मिरजेच्या त्याच खोलीत बसले होते. शेवटचा पेशंट म्हणून एक म्हातारी आत आली. भिंतीला हात लावत लावत. डोक्यावर पदर होता, कपाळ मोकळं होतं. कपाळामुळे मी ओळखलंच नाही.

"मॅडम, तुमी पांढऱ्या झाल्या की ओ," त्या म्हणाल्या, आणि मग ओळखलं.

चाचा तीन वर्षांपूर्वी गेले होते. दुकान बंद झालं होतं. कानशी, पट्ट्या सगळं पलीकडच्या गल्लीत देऊन टाकलं होतं.

"तुम्ही नाही चालवलंत?"

"हात न्हाईत की मला. कान घिऊन काय करू?" त्या खुर्चीत टेकल्या. "हेमलताबाई आलत्या भेटायला. काठी घिऊन. लई रडल्या. म्हणल्या, आता असा माणूस होणे न्हाई. मी चहा दिला."

"सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगायचं? हात त्यांचेच होते."

मी विचारलं, "डोकं?"

"थांबलं. ह्यांचा चाळिसावा दिवस झाला आन् थांबलं. एक दिवस न्हाई दुखलं त्यावर." सांगताना चेहऱ्यावर आनंद असा काही नव्हता. "आता तोल जातोय. न्हाणीत पडले, दारात पडले. पोरगी म्हणली, दाखवून या."

ओळंबा अजून कपाटात होता, गोळा काळा पडलेला. मी दोरा हुकाला बांधला आणि त्यांना शेजारी उभं केलं. कान, खांदा, कंबर, घोटा. एकही जागा दोऱ्याबाहेर नव्हती. इतकं सरळ माणूस मी उभ्या नोकरीत क्वचितच पाहिलं असेल.

"झाले का सरळ?" त्यांनी विचारलं.

"झालात."

"मग पडते कशी?"

मी म्हटलं, "डोळे मिटा चाची. अंगठ्याला टाच. मी मोजते."

तीनलाच त्या कलल्या. उजवीकडे. मी धरलं. मग मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"आता पुन्हा."

त्यांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांचा भार माझ्या दंडावर आला, मान जराशी कलली, आणि त्या स्थिर झाल्या. दहा झाले, वीस झाले. तीस झाले की थांबायचं असतं. मी पुढे मोजत राहिले.